परवानगी कोणाची?

"आधी चहा घे, मग ओत काय ओतायचंय ते," वहिनी म्हणाली.

"नको वहिनी. तळ्याकाठी मुकादम ताटकळत उभा आहे."

धाकट्याने डबीतली हिरवी पूड बादलीभर पाण्यात कालवली आणि लाँड्रीच्या मागच्या अंगाला, मशीनचं पाणी जिथे पडायचं त्या जाळीवर बादली उपडी केली. हिरवागार लोट क्षणात गडप झाला. लाँड्रीचा मालक, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, इस्त्रीच्या टेबलाशी पाठमोरा उभा होता. हॉस्पिटलच्या चादरी एकावर एक रचत होता. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

बारा मिनिटांनी धाकट्याच्या खिशातला फोन वाजला.

"आलं हो धाकटे साहेब!" मुकादम ओरडून सांगत होता. "पोपटासारखं हिरवं! पाचव्या तोंडातनं बदाबदा येतंय. कुणाचं घर आहे ते?"

"येऊन सांगतो," धाकटा म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकटा म्हणजे काही पोरसवदा नव्हे. वय सत्तावन्न, गुडघे कुरकुरणारे, नगरपालिकेच्या गटार खात्यात एकतीस वर्षांची नोकरी. पण घरात धाकटा, म्हणून गल्लीत धाकटा, आणि गल्लीतलाच एक शिपाई ऑफिसात लागल्यामुळे तिथेही धाकटे साहेब. खात्यात मोठे साहेब कधीच कोणी टिकले नाहीत. धाकटे मात्र होते तिथेच राहिले.

गेल्या वर्षी राज्याने नवा कायदा केला. रस्त्याकडेच्या गटारांतून फक्त पावसाचं पाणी जायचं, बाकी एक थेंब नाही. ती गटारं तळ्याला जिथे मिळतात ते प्रत्येक तोंड कोरड्या दिवसांत तपासायचं. आभाळात ढग नसताना गटार वाहतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड आहे. ते कुठून येतं ते शोधून काढायचं. कायदा काही उगाच झाला नव्हता. दोन उन्हाळ्यांपूर्वी तळं नासलं होतं. गावाच्या नळांना पाणी त्याच तळ्याचं. लहान मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं झोपवावी लागली होती. मुकादमाची मुलगी त्यात नऊ दिवस सलाइनवर होती.

तळ्याला अशी तेवीस तोंडं होती. धाकट्याने बावीस तपासली. पाचवं मुद्दाम मागे ठेवलं. तिथे साबणाचा फेस येतो हे त्याला माहीत होतं, आणि तो कुठून येतो हेही.

"झालं तुझं समाधान?" दादाने चादरीची घडी घालत विचारलं.

"दादा, कायदा आहे."

"एकतीस वर्षं पाणी तिथेच जातंय. तेव्हा तुझा कायदा काय झोपला होता?"

धाकट्याने रिकामी बादली उचलली. दादाने दुसरी चादर ओढली. पुढचं वाक्य दोघांनाही ठाऊक होतं. वहिनीने चहाचे कप तसेच उचलून आत नेले.

ते वाक्य असं होतं, की ही जोडणी धाकट्यानेच दाखवली होती. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. त्याने शाळा सोडली, लोकांचे कपडे धुतले आणि धाकट्याला शिकवलं. धाकट्याला नगरपालिकेत नोकरी लागली त्याच वर्षी दादाने लाँड्री टाकली. सांडपाण्याची वाहिनी होती वरच्या रस्त्याला आणि लाँड्री उताराच्या खाली. पाणी चढवायचं तर पंप हवा, टाकी हवी, आणि टाकीला जागा नाही. दादा हातपाय गाळून बसला. आपण या माणसाचं देणं कधी फेडणार असं धाकट्याला तेव्हा रात्रंदिवस वाटायचं. एका रविवारी भर दुपारी तो दादाला घेऊन मागच्या बोळात गेला, एका फरशीवर टाच आपटली आणि म्हणाला, "याच्या खालून पावसाचं गटार जातं. इथे जोड. पाणीच तर आहे, कोण बघतंय!" दोन तासांत काम झालं. नंतर वहिनीने दोघांना पोटभर जेवायला वाढलं होतं.

त्या संध्याकाळी ऑफिसात बसून धाकट्याने नव्या कायद्याचा फॉर्म भरला. मालक, जागा, कोणत्या प्रकारचं पाणी, सगळं नीट लिहिलं. शेवटी एक रकाना होता: जोडणी कोणाच्या परवानगीने केली? पेन तिथे अडलं. बराच वेळ गेल्यावर त्याने लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही', आणि फाइल बंद केली.

नोटीस गेली. दादाने ती उभ्याउभ्याच सही करून घेतली. त्यानंतर महिनाभर दोघांचं बोलणं नव्हतं. वहिनीचा मात्र फोन यायचा. "घरात शब्द नाही रे. चादरी मोजतात आणि परत मोजतात. तू तरी ये."

"येऊन काय बोलू वहिनी?"

"तेही खरंच," ती म्हणायची.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या दालनात होती. नोटिसा मिळालेले वीसेक लोक बाकांवर बसले होते. राज्याकडून एक इंजिनिअर बाई आली होती. वयाने धाकट्याच्या मुलीएवढी, आवाज हळू, पण एकही कागद न वाचता पुढे सरकवत नव्हती. धाकटा तिच्या बाजूला फाइली देत बसला होता. दादाचा नंबर आला. पांढराशुभ्र शर्ट, बाह्यांच्या इस्त्रीला धार. तो टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि बाईने सांगूनही बसला नाही.

"जोडणी कोणी केली?"

"मी."

"गटार तिथून जातं हे तुम्हाला कसं कळलं? वर सलग फरशी आहे. झाकण नाही, खूण नाही."

"पहार घेऊन खणलं. लागलं."

मागे कोणीतरी हसलं. बाई हसली नाही.

"अंदाजाने खणलं आणि नेमकं लागलं?"

"नशीब म्हणायचं."

"खात्यातल्या कोणी सांगितलं नव्हतं?"

"छे! मला कोण सांगणार? मी अडाणी माणूस, मनात आलं ते केलं. चूक माझी. काय शिक्षा असेल ती द्या."

इतक्या वेळात दादाने एकदाही धाकट्याकडे पाहिलं नव्हतं. महिनाभर ज्याने तोंड दाखवलं नाही तो माणूस असा सरळ उभा राहून आपल्यासाठी खोटं बोलतोय, हे ऐकताना धाकट्याने हातातली फाइल मिटून ठेवली. दाराशी मुकादम उभा होता. पुढच्या माणसाला आत सोडायला त्याने दार अर्धं उघडून धरलं होतं. धाकट्याची नजर त्याच्यावर गेली आणि मग त्याला खुर्चीत बसवेना. तो उठला.

"बाई, मी दाखवलं."

"गप बस!" दादा ओरडला. सगळं दालन दचकलं. "लक्ष देऊ नका बाई. भाऊ आहे माझा. मला वाचवायला बघतोय."

"तो मला वाचवतोय," धाकटा म्हणाला. "एकतीस वर्षांपूर्वी मी खात्यात नवीन होतो. नकाशे माझ्या हातात होते. फरशी मी दाखवली."

बाईने पेन खाली ठेवलं. "या फॉर्मवर माहिती उपलब्ध नाही असं तुम्हीच लिहिलंय."

"खोटं लिहिलं."

"निवृत्तीला किती दिवस राहिले?"

"आठ महिने."

"आपण काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. फॉर्म द्या इकडे, दुरुस्त करून सही करतो."

त्याने रकान्यातले तीन शब्द खोडले आणि तिथे आपलं नाव लिहिलं. हुद्द्यासकट.

जिन्यात दादाने त्याला गाठलं. संतापाने त्याला धाप लागली होती.

"अक्कल गहाण ठेवलीस का? दुकान जायचं ते जाणारच होतं. त्या पाठोपाठ तुझंही कशाला घालवलंस?"

"तू कशाला खोटं बोललास?"

"मला सवय आहे. लहानपणी काचा तू फोडायचास, मार कोण खायचं?"

"काच नव्हती रे ही. मुकादमाची पोरगी नऊ दिवस सलाइनवर होती, दादा. रोज सकाळी त्याच्याबरोबर चहा पितो मी."

"ते आपल्याच पाण्याने झालं कशावरून?"

"आपल्या पाण्याने नाही झालं कशावरून?"

दादा जिन्याच्या पायरीवर बसला. थोड्या वेळाने धाकटाही शेजारी बसला. वरून लोक उतरत होते, दोघांना वळसा घालून जात होते.

पुढचं सगळं कायद्याच्या चालीने झालं. धाकट्याची चौकशी लागली. त्याला तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. निवृत्तीच्या दिवशी ना भाषण, ना हार. कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि पोचपावती घेतली. मुकादमाने त्याच्याशी बोलणं तोडलं नाही. पण त्या सुनावणीनंतर तो 'धाकटे साहेब' म्हणेनासा झाला. नुसतं 'साहेब' म्हणायचा, आणि सकाळचा चहा आपल्या जागेवर पिऊन यायचा. धाकट्याने त्याबद्दल कधी विचारलं नाही.

लाँड्रीत टाकीला जागा निघाली नाही ती नाहीच. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मशीन ट्रकमध्ये चढली. वहिनीने रिकामी जमीन दोनदा पुसून काढली. चार दिवसांनी हॉस्पिटलची मोठी परिचारिका स्वतः घरी आली. हॉस्पिटलने नव्या कायद्याप्रमाणे स्वतःची टाकी बांधली होती, धुलाई आता आतच होणार होती. "तुमच्यासारखी चादर कोणी धूत नाही हो," ती म्हणाली. "याल का?"

दादाने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने धाकट्याला फोन केला. "उद्या सकाळी स्कूटर आणशील?"

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी धाकट्याने स्कूटर थांबवली. दादा उतरला. करडा गणवेश, छातीवर 'धुलाई विभाग' अशी पट्टी. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो दुसऱ्याच्या दारी कामाला चालला होता.

"आत कोणाला सांगू नकोस दुकान होतं म्हणून," तो म्हणाला.

"मी कशाला आत जातोय? किती वाजता सुटशील?"

"साडेपाच."

"येतो."

दादा रांगेत उभा राहिला. पुढे तीन-चार मुली होत्या. फाटकावरच्या यंत्राला अंगठा लावून चटचट आत गेल्या. दादाने अंगठा लावला. यंत्र लाल झालं.

"पुसा काका, परत लावा," पहारेकरी म्हणाला.

त्याने पँटला अंगठा पुसून परत लावला. मग दुसऱ्या हाताचा लावला. मग एकेक बोट. सोड्याच्या पाण्यात घालवलेल्या वर्षांनी त्या बोटांवर एकही रेघ ठेवली नव्हती. मागे रांग वाढत होती, पण कोणी कुरकुरलं नाही.

शेवटी पहारेकऱ्याने खणातून एक वही काढली आणि कोरं पान उघडून पुढे केलं. दादाने पेन घेतलं, वाकला, आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहीत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग पाठ ताठ करून आत गेला.