चार बोटांचं ठिगळ

भाच्याने नवं जाळं आणलं आणि तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीवर ठरेनात. जाळं यंत्रावर विणलेलं, भोकं इतकी बारीक की करंगळीसुद्धा शिरू नये. पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा होडीवर आधीच होता. म्हणजे मासा कुठेही दडो, सुटका नाही! आणि तरी टोपलीतले मासे वर्षागणिक आखूड होत चालले होते, हे आत्याने दहादा सांगितलं. ऐकतो कोण?

उलट तोच म्हणाला, "आत्या, अशी जाळी शिवत नाहीत आता. फाटलं की नवं. तुझा कोपरा मला इंजिन ठेवायला लागेल."

पन्नास वर्षं गोदामाच्या त्या कोपऱ्यात बसून तिने साऱ्या किनाऱ्याची जाळी शिवली होती. तिला अन्न गोड लागेना.

मग एका दुपारी खडकाने जाळ्याचं शेपूट, म्हणजे मासे साठतात ती मागची पिशवी, फाडलं. नवं यायला आठवडा लागणार. भाचा म्हणाला, "एवढं शिवून दे. जमलं तर बघू कोपऱ्याचं."

आत्या सुई घेऊन बसली. भाच्याची बायको शेजारी टेकली, गप्पांना ऊत आला आणि हात आपले चालत राहिले. भोक मोजायचं ते चार बोटांनी, हातांना दुसरं माप ठाऊकच नव्हतं. परातीएवढं ठिगळ तयार झालं, सगळं चार बोटांचं.

दुसऱ्या दिवशी भाचा धक्क्यावरूनच ओरडत आला. "आत्या! ठिगळ लावलंस की दार उघडून ठेवलंस? बारकं सगळं पळालं!"

आत्याने मनाशी म्हटलं, गेला कोपरा.

भाच्याची बायको मात्र टोपल्यांतला एकेक मासा हातात घेऊन बघत होती. टोपल्या निम्म्याच भरलेल्या, पण एकेक मासा चांगला मोठा, कुठे चिरडलेला नाही. एरवी अर्धा दिवस पिल्लं वेगळी काढून कोंबड्यांच्या खाद्यात टाकण्यात जायचा. आज निवडायला काही नव्हतंच. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि बघता बघता टोपल्या रिकाम्या झाल्या.

"अहो, किती महिन्यांनी दुपारचं घरी जेवताय!" बायको हसत म्हणाली.

जेवून भाचा गोदामात आला. आत्या आपली सुई, दोऱ्याची रिळं पिशवीत भरत होती. त्याने खांद्यावरचं अख्खं जाळं तिच्यापुढे धपकन टाकलं.

"आत्या, उरलेलं शेपूटही असंच चार बोटांनी चुकवून दे."

"आणि तुझं इंजिन?"

"राहील बाहेर, ताडपत्रीखाली."

आत्या इतकी हसली की सुई हातातून पडली.