गुरुदासाचे दोन कर्णे

गुणाजीच्या पोटात त्या दिवशी जे दुखत होतं, त्यावर ओवा चालणार नव्हता. नारळी पुनवेला तारकर्लीच्या किनाऱ्यावर लाउडस्पीकर लावायचा मान गेली कित्येक वर्षं त्याचा. कर्णा एकच, पण गावात दुसरा होता कुणाकडे? आणि यंदा तो गुरुदास मुंबईहून चकचकीत पेटी नि दोन-दोन कर्णे घेऊन आला काय, गावच्या मानकऱ्यांनी, गावकर दाजींनी गुणाजीला साधं विचारलंसुद्धा नाही! मान त्या कालच्या पोराला! बायकोला, गंगूला घेऊन गुणाजी गर्दीच्या मागे उभा राहिला, तो गुरुदासाची फजिती बघायलाच. खोटं कशाला सांगा?

आणि देवानं ऐकलंच. रेकॉर्ड रंगात आली नि कर्णे खरखरले, गप्प झाले, पुन्हा खरखरले. गुरुदासानं सुई बदलली. खर्र! रेकॉर्ड काढून माईक लावला. खर्र! ब्याटरीच्या तारा आवळल्या, पेटीतले दिवे पाहिले. दिवे आपले झकास पेटलेले.

गुणाजी मिशीत हसत होता. रोग त्याला केव्हाच कळला होता. रेकॉर्डलाही खरखर, माईकलाही खरखर, म्हणजे दोष दोघांचाही नाही. दिवे मिणमिणत नाहीत, म्हणजे ब्याटरी ठीक. आवाज जातो तो वारा आला, माड हलला की. मग दुसरं काय असणार? पेटीकडून कर्ण्यांकडे जाणाऱ्या तारेचा माडापाशी सांधा होता, तो ढिला. मुंबईच्या शहाण्यानं नुसता पीळ मारून सोडून दिलेला. दर्यावरचा वारा म्हणजे काय चाळीतला वारा वाटला?

"सांगा मा तेका," गंगू पुटपुटली. नवऱ्याचं तोंड तिला चांगलं वाचता येत होतं.

"माका इचारल्यानी काय?" गुणाजी फिस्कारला. "गप रव गो. आज हेचा नाक कापला, की फुडच्या वर्सा माझ्याच पायाशी येतले."

तेवढ्यात दाजींनी नारळ हातात घेतला. त्यांचं निदान वेगळंच होतं. दिष्ट! आणि दिष्टीवर औषध एकच, देवाला गाऱ्हाणं. सगळा किनारा हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्या यंत्राक कोणाची दिष्ट लागली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या पोटात दुखत आसात, तर तेका सुबुद्धी दी, आणि ह्या कामाक हातभार लावूक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज गुणाजीचा! जन्माची सवय, गाऱ्हाणं कानी पडलं की तोंड आपोआप उघडायचंच. उघडलं, नि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या होड्या दर्यात लोटायच्या, आणि पहिल्या होडीत गंगूचा भाऊ महादू. देवापुढे खोटा होकार देऊन घरचं माणूस दर्यात धाडायचं? गंगू नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यापुढे कोण टिकणार?

गुरुदासाच्या सात पिढ्या उद्धरत तो माडामागे गेला. पीळ पार सुटला होता, नि तार इतकी तंग, की पुन्हा पीळ मारायला जागा नाही. त्यानं दोन्ही टोकं ओढून चिमटीत आवळली, आणि गुरुदासानं पुन्हा लावलेली रेकॉर्ड कर्ण्यांतून खणखणीत वाजू लागली. चिमटी सैल केली की खर्र. म्हणजे धरूनच उभं राहायचं! आणि आवाज तरी केवढा गोड मेल्याचा! गुणाजीच्या स्वतःच्या कर्ण्यातून असा कधी निघाला नव्हता. हेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

दाजींनी माईक घेतला नि माडावरच्या कर्ण्यांतून थेट त्याच्या डोक्यावर गरजले, "देव पावलो! आता दर वर्साक मान गुरुदासाचोच रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" किनारा ओरडला.

नुसती बोटं उघडायची होती. बोटं शिवशिवलीही. समोर महादूची होडी उभी होती, पुढच्या टोकाला, नाळेला, झेंडूची माळ घातलेली. गुणाजीनं दातओठ खात चिमटी आणखी आवळली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा! जळला माझा कपाळ!"