डेकवरचा बद्द आवाज

होडी तीस वर्षांची, फायबरची, शिडाची. लांबीला आमच्या दोन खोल्यांएवढी. शनिवारी नवरा तिच्यातून आमच्या दीड वर्षाच्या लेकीला, पिल्लूला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने दोन दिवस जाणार होता. मीही यावं असं त्याला वाटत होतं. कुणीच जाऊ नये असं मला वाटत होतं.

"कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवलेली बाई तू," तो म्हणाला, "आणि आता पाण्याला घाबरतेस?"

"तेव्हा मी एकटीच बुडले असते."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

होडीच्या मिस्त्रींनी मागे एकदा मला शिकवलं होतं: डेकवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत जायचं. टण् वाजलं तर धड. बद्द वाजलं तर फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड पाणी पिऊन कुजलेलं. शुक्रवारी दुपारी पिल्लू केबिनमध्ये झोपल्यावर मी सगळा डेक वीत-वीत करत वाजवला. टण्, टण्. डोलकाठीच्या हातभर मागे बद्द. पुन्हा वाजवलं. बद्दच.

नवऱ्याला हाक मारली. मिस्त्रींना फोनही मीच लावला.

मिस्त्री आले, गुडघ्यावर बसून त्यांनी वाजवलं, मग ते खाली केबिनमध्ये डोकावले.

"ताई, कान तयार आहे हो तुमचा. माझ्याकडे कामाला या."

"कुजलंय ना?"

"छे! बरोबर याखाली केबिनची भिंत येऊन टेकलीय. आवाज दबणारच. होडी ठणठणीत आहे, खुशाल जा."

ते गेल्यावर नवरा माझ्याकडे वळला.

"'कुजलंय ना' विचारताना तुझा चेहरा बघितला मी. लॉटरी लागल्यासारखा."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"घाबरतेस तर तसं सांग ना. होडीला कशाला आजारी पाडतेस?"

"दहा वेळा सांगितलंय. तू दर वेळी हसतोस."

या वेळी तो हसला नाही. खाली जाऊन त्याने झोपलेल्या पिल्लूला अलगद उचलून आणलं आणि माझ्या खांद्यावर दिलं.

"राहू दे तुझ्याजवळ. मी जाऊन येतो."

शनिवारी त्याने एकट्यानेच दोर सोडले, एकट्यानेच शीड चढवलं. पिल्लू हात हलवत होती. त्याने एकदा वळून पाहिलं, पण दोन्ही हात कामात होते. पिल्लूपुरतं मला हवं होतं तसंच झालं होतं. मी तिला कडेवर जरा जास्तच घट्ट धरलं असावं. ती रडायला लागली.