अर्क नंबर नऊ

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बाटली आहे. आतली वस्तू उजेडाने बिघडू नये म्हणून मला हा रंग मिळाला. १९६१ साली लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून मी अमरावतीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. चार वर्षे माझ्या पोटात नुसते स्पिरिट होते. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसे. ते दिवस चांगले होते, हे मला फार उशिरा कळले.

मग महादेवराव सरांनी मला फळीवरून उचलले. त्यांची आई कर्करोगाने तडफडून गेली होती. तेव्हापासून मोर्शीपलीकडच्या डोंगरातल्या एका वेलीच्या मुळ्यांचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्या मुळ्या कुटायच्या, स्पिरिटात भिजवायच्या, मग ते स्पिरिट आटवायचे. हे सारे काम त्यांची सहायक ललिता करी. ती मूर्तिजापूरच्या एका रेल्वे खलाशाची मुलगी. छप्पन साली तिच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला, त्याच वर्षी बापाने तिला हायस्कुलात घातले. घराण्यातली ती पहिली पदवीधर. तिने काळपट अर्क माझ्यात ओतला आणि माझ्या अंगावर इंग्रजीत चिठ्ठी डकवली : ‘अर्क नंबर नऊ. फक्त उंदरांसाठी.’

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यांत पांढरे उंदीर होते. त्यांच्या मांड्यांवर गाठी वाढवलेल्या होत्या. आठ दिवस थेंब थेंब अर्क दिल्यावर गाठी बसू लागल्या. सरांचे डोळे भरून आले. ते कुणाशी तरी बोलले, बातमी छापून आली, आणि अकोल्यापासूनची माणसे व्हरांड्यात येऊन बसू लागली. कुणाच्या गळ्याला फडके, कुणाचे अर्धे तोंड झाकलेले. ती माणसे खिडकीतून मला पाहून हात जोडत. मित्रांनो, मला लाज वाटे. कारण पिंजऱ्यांत पुढे काय झाले ते मला दिसत होते.

बाराव्या दिवशी उंदरांनी दाणे सोडले. ललिताने मेलेला एक उंदीर चिरून पाहिला. यकृत पिवळे पडले होते आणि चिमटा लागताच ओल्या मातीसारखे तुटत होते.

“सर, गाठ बसते, पण यकृत नासून राहिलं,” ती म्हणाली.

“उन्हानं मेले असतील. पुन्हा करून पाहा,” सर म्हणाले.

तिने पुन्हा केले. पुन्हा तेच झाले. तिने सगळे वहीत लिहिले. व्हरांड्यातल्या माणसांना मात्र कुणीच काही बोलले नाही.

नत्थुजी हा तिथला चपराशी. त्याच्या बायकोच्या, इंदूबाईच्या, गालात आतून गाठ आली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठीला किरणांचा शेक देण्यासाठी तारीख दिली होती. पण यंत्राखाली झोपायचे म्हणताच ती घाबरली. नत्थुजीच्या कानावर ‘गाठ बसते’ एवढेच पडले होते. ललिता परीक्षेच्या कामाला पंधरा दिवस अकोल्याला गेली, त्याच दुपारी त्याने मला खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळले आणि बडनेऱ्याला घरी नेले. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, आणि मला ओरडता येत नव्हते.

सकाळ-संध्याकाळ एक एक चमचा. पहिल्या आठवड्यात इंदूबाईचा ठणका कमी झाला. तिने मऊ भात खाल्ला. शेजारणीने तिला हसताना पाहिले. नागपूरची तारीख निघून गेली. नत्थुजी मला देवासमोर ठेवू लागला.

दुसऱ्या आठवड्यात तिने भात दूर सारला.

ललिता परत आली. फळी रिकामी होती आणि नत्थुजी नजर चुकवत होता. ती तशीच बडनेऱ्याला आली. इंदूबाई खाटेवर होती. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

“पोरी, खरं सांगजो,” ती म्हणाली. “त्या उंदराईतले किती जिते हायेत?”

“एकबी नाही, मावशी.”

“मंग आमाले कावून नाही सांगतलं सरानं?” नत्थुजी ओरडला.

“मी तरी कुठं सांगतलं, नत्थुजी? मी वहीत लिहून मोकळी झाली.”

इंदूबाईने मला तिच्याकडे ढकलले. “मायं जे झालं ते राहू दे. तिकडं कालेजात भायेर बसून राहिले त्याईले सांग आधी.”

तिला नागपूरला नेले. आठ दिवसांनी ती गेली.

ललिताने मला सरांच्या टेबलावर ठेवले आणि घडलेले सांगितले. सरांनी माझ्या अंगावरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग टोपी काढून व्हरांड्यात गेले. “माझ्याजवळ औषध नाही. जे होतं त्यानं आमच्याच घरचं माणूस मारलं. दवाखान्यात जा, उशीर करू नका.” एका म्हाताऱ्याने त्यांना शिव्या दिल्या. एक बाई मात्र जागची हलली नाही. औषध दुसऱ्यांसाठी राखून ठेवले आहे, असे तिला वाटत होते.

ललिताने मला रिकामे केले, धुतले. पुढे तिने अहवाल लिहिला, तेव्हा मेलेले उंदीर पहिल्या पानावर मांडले. तो अहवाल कुठे छापून आला नाही. पाच-सहा वर्षांनंतरही कुणीतरी बसने येऊन विचारी, “नऊ नंबरचं औषध इथंच भेटते नं?”

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या अशा खोलीत काम करील. मन मोडणारे उत्तर हाती येईल. ते वहीत लिहाच; पण लिहून झाले की उठा, दार उघडा आणि बाहेर बसलेल्या माणसांना त्यांच्या बोलीत सांगा. त्याच दिवशी सांगा.