लाल पाण्याखालची सही

कुरुंद्यात हळदीचे दिवस होते. गावाचे हात मनगटापर्यंत पिवळे, आणि त्या पिवळ्या हातांची रांग जळबा महाराजांच्या मांडवात. दर माणसामागं नव्यानं भरलेल्या परातीतल्या नितळ पाण्यात हात चोळायचे, महाराजांनी डोळे मिटायचे, की पाणी लालभडक!

"निघाला रोग! आता गोळी न्हाई, सुई न्हाई. डाक्टरला म्हणावं, तुझी सुट्टी!"

महाराजांशेजारच्या मखमली खुर्चीत भौतिकशास्त्रज्ञ डॉ. विश्वंभर बसले होते. तीस वर्षं त्यांनी लेसरवर चोख संशोधन केलं. त्याबद्दल कुणी साधं स्टूलही दिलं नव्हतं. मग ते 'अज्ञात ऊर्जे'कडे वळले आणि हारांची ददात मिटली. महिन्यापूर्वी त्यांनी या पाण्याचं तापमान, चुंबकत्व, किरणोत्सर्ग मोजून लिहून दिलं होतं : 'ज्ञात भौतिकशास्त्राला याचा उलगडा होत नाही.' ते वाक्य आता फ्लेक्सवर होतं, सहीसकट.

शकुबाई लेकीला, पुनमला, धरून आल्या. पोरीला क्षय. तिनं हात बुडवले. पाणी नितळच राहिलं.

"मागल्या खेपेलाच समदा रोग गेला!" महाराज क्षणभरही अडले नाहीत.

समदा रोग गेलेली पुनम खोकत खाली बसली. विश्वंभरांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. पांढरे.

"बाई, हिचे हात पिवळे कसे नाहीत?"

"महिना झाला, आथरुणातच हाय लेकरू. हळदीला हात लागलाच न्हाई."

विश्वंभरांनी परातीत बोट घालून जिभेला लावलं. जीभ चरचरली. चुन्याची निवळी.

"हळद आन चुना, साहेब," शकुबाई हळूच म्हणाल्या. "लालच व्हतंय. कुंकू असंच तं करत्यात."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तुमी एवढे शिकलेले. आमाला ठाऊक ते तुमाला ठाऊक नसंल, असं कसं व्हईल? तुमची सही बघितली आन वाटलं, ह्यात काही येगळं असंल. त्याच दिशी गोळ्या बंद केल्या."

विश्वंभरांनी कुणाकडून तरी हळकुंड मागून घेतलं, ओल्या तळव्यावर घासलं आणि हात परातीत घातला. पाणी लाल. "बघा! हळद आणि चुना. रोग नाही, चमत्कार नाही!"

"साहेबाचा बी रोग निघाला!" महाराज गरजले. मांडवात टाळ्या.

"मी चुकलो होतो!" ते ओरडले.

"मग हे काय हाय?" रांगेतून कुणीतरी फ्लेक्सकडे बोट दाखवलं. रांग एक माणूस पुढं सरकली.

ते खुर्चीवरून उठून पुनमपाशी आले. "चल, दवाखान्यात."

"आता गोळ्या लागू पडतील का, साहेब?" शकुबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारू." यातलं पहिलं वाक्य त्यांनी महिन्यापूर्वी उच्चारायला हवं होतं.

तिथूनच ते रांगेकडे वळले. "माझी सही विसरा. हळद तुमच्या हाताला आहे, चुना तुमच्या डबीत. इथंच स्वतः करून बघा. आणि गोळ्या बंद करू नका."

डबी कुणीच उघडली नाही. पुनमला मात्र शकुबाईंनी उचलून उभं केलं.