दगडीच्या लग्नातलं खुडं

माझ्या तोंडाला अख्खं भिंगार घाबरतं. दूधवाला तर आमच्या दारात दूध ठेवतो आणि हाक न मारता सटकतो. आणि आमचे मालक, लालमहंमद पिंजारी, इतके गोड की उन्हाने टाळू भाजली तरी उन्हाचं कौतुक करतील. त्यांच्या या गोडपणापायी एक हसतीखेळती पोरगी मेल्यात जमा होणार होती, ते सांगते.

लढाईचं चौथं साल होतं. आमचा धंदा कापूस पिंजून गाद्या भरायचा, पण चांगला कापूस सगळा पलटणीच्या गाद्यांत जायचा. तशात डोंगराकडचे कपारे आमच्याकडे गादी सांगायला आले. कपारे म्हणजे दगडांच्या फटींत राहणारी, गुडघ्याएवढी माणसं. त्यांची म्हातारी कडूबाई आमच्या ओट्यावर चढली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्यांच्यात रामराम असाच घालतात. ज्याच्यावर भरवसा, त्याला पाठ दाखवायची. मालक तिचं तोंड बघायला तिच्याभोवती फिरले, तशी तीही फिरली. दोघं भोवऱ्यासारखी गरगरत राहिली, शेवटी मीच ओरडले तेव्हा थांबली. तिला नातीच्या लग्नासाठी गादी हवी होती, पाटाएवढी. उरल्यासुरल्या कापसातून यांनी ती भरून दिली आणि आम्हा दोघांना लग्नाचं आवतण आलं.

लग्न सकाळचं होतं. नवरीचं नाव दगडी. कपाऱ्यांत चांगलं नाव ठेवायची पद्धतच नाही. एकेक पाहुणा तिच्यापुढे जायचा आणि तिच्यातलं एक उणं सांगायचा. "तुजं नाक वाकडं हाय." "तू चालताना पाय घासतीस." दर वेळी मांडव खूश आणि नवरी लाजून लाल. याला ते खुडं म्हणतात. खुडं द्यायचं तर माणसाकडे नीट बघावं लागतं, म्हणून तोच त्यांच्यातला मोठा आहेर. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

मग आमच्या मालकांची पाळी आली.

"माशाल्ला! पोरगी म्हंजे चांदाचा तुकडा," ते म्हणाले. "हिच्यात कायबी कमी न्हाई."

ताशा थांबला. बायकांनी गळा काढला. नवरदेवाचा बाप मुलाच्या मुंडावळ्या सोडायला लागला.

"अवो दादा, हे काय केलंत?" कडूबाई कपाळ बडवत म्हणाली. "हे तर निथळ! हे आमी मेलेल्या मानसाला म्हनतो. उनं फकस्त मढ्यात नसतं."

"मग मी शब्द मागं घेतो की."

"असा मागं येत न्हाई. सावली पायाखाली यायच्या आत तुमच्याच घरचं खुडं पायजे. खरं, आन कुनीच न दिल्यालं. न्हाईतर दगडी मेली. तिचं लगीन न्हाई, तिला कुनी हाकसुदीक मारनार न्हाई."

दगडी एकटीच उभी होती. मालक तिच्याकडे टक लावून बघत होते, घामाघूम झाले होते. सावली टाचेपाशी आली तरी त्यांना काही सुचेना.

"न्हाई सापडत गं," ते मला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मला त्यांची दया नाही आली, रागच आला. सगळ्याला छान म्हणणारा माणूस कशाकडे बघतच नसतो, असं मला वाटलं.

मी पदर खोचला आणि दगडीपुढे उकिडवी बसले. नाक, पाय, आवाज, केस, सगळं पाहुण्यांनी वाटून संपवलं होतं. मी बघत राहिले. आणि मग दिसलं.

"पोरी, नवऱ्याकडं बघत न्हाई असं तू सोंग करतीस," मी म्हणाले, "आन ते तुला धड जमत न्हाई."

दगडीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळा मांडव हसला, ताशा पुन्हा कडाडला. नवरदेव तर हसून हसून नव्या गादीवर आडवा झाला.

निघताना कडूबाईने मला विचारलं, "भाभी, संसार किती सालांचा?"

"अठरा."

"मंग दादांनी तुमाला किती खुडी दिली?"

एकही नव्हतं. घरी येईपर्यंत मी यांच्याशी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवशी मी डाळ मुद्दाम अळणी केली. मालकांनी भुरका मारला.

"वा! मेहताब, काय चव हाय तुज्या हाताला..."

"पुरं!" मी ओरडले. "अठरा सालं माजं निथळच म्हनताय तुमी. एकदा तरी बघितलंय का माज्याकडं?" आणि मला रडू फुटलं. मी यांच्यासमोर कधी रडत नाही.

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"तू मला आदी वाढतीस," ते हळूच म्हणाले, "आन माजं जेवन हुईस्तवर चुलीपाशी बसून ऱ्हातीस. अठरा सालं तू गार भाकर खातीस. मला ते आवडत न्हाई. तू चिडशील म्हनून कदी बोललो न्हाई."

मी डोळे पुसले. माझी ताटली घेतली आणि त्यांच्या शेजारी बसले. तव्यावरची भाकरी मोडताना बोटं भाजली. पहिला घास घेतला.

"डाळ अळनी हाय," मी म्हणाले.

"लई अळनी हाय," मालक म्हणाले.