दोन तोंडांचा घोडा

बुखाऱ्याकडच्या आमच्या उबा गावात शिट्टी वाजल्याशिवाय वसंतातला नवरोज आल्यासारखा वाटत नाही. मातीचे घोडे, मेंढे, शेपटीत शिट्टी. घडवायचे बायकांनी, फुंकायचे पोरांनी. माझी मोठी जाऊ सनोबर आपा साधेसुधे, नीटनेटके प्राणी करायची. तिची लेक ओयनिसो म्हणजे मात्र नुसता वात्रटपणा.

"अगं, घोड्याला दोन तोंडं कशाला?" मी विचारलं.

"एक चारा खायला, एक तुम्हाला वेडावायला, काकू!"

हिवाळ्याच्या तोंडावर तापानं ती गेली. तो घोडा मागे राहिला, न भाजलेला, कच्चाच. दोन्ही तोंडं हसरी, मानेवर तिच्या अंगठ्याचा ठसा.

आपा रोज तो फुंकायची. प्रत्येकीच्या हातच्या शिट्टीचा आवाज वेगळा असतो. याचा थेट ओयनिसोच्या हाकेसारखा, जरा चिरका. पण कच्च्या मातीला ओठांची ओल सोसत नाही. शेपटी झिजत चालली, आवाज बसत चालला. मला बघवेना.

"आपा, यंदाच्या भट्टीत घाल त्याला. नाहीतर हाही जाईल हातचा."

"आणि तडकला तर?"

"खडखडीत वाळू दे. तोवर तोंड लावायचं नाही. ओल राहिली की फुटलाच, हे मी तुला सांगायचं?"

तिनं ऐकलं. घोडा तंदुराजवळच्या कोनाड्यात ठेवला आणि नवरोजच्या भट्टीपर्यंत त्याच्याकडे पाठ करून नान भाजत राहिली.

भट्टीच्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच तो आत ठेवला, सगळ्या जनावरांच्या मधोमध. मी जाळ घातला. थोड्या वेळानं आतून फट्‌ असा आवाज आला. असं एखादं दरवर्षी फुटतंच. पण आपा म्हणाली, "गेला तो."

"तोच कशावरून?" मी म्हणाले. "उद्या उघडल्यावर बघू."

"मी फुंकला गं त्याला," ती म्हणाली. "आत ठेवायच्या आधी. भाजल्यावर आवाज बदलतो ना. म्हटलं, तिचा आहे तसा एकदा ऐकून घेऊ. मग थांबवेचना."

मला असा संताप आला! एवढी जन्मभर माती मळलेली बाई, आणि हे करून बसली. तोंड सोडणार होते, तेवढ्यात तिच्या खालच्या ओठाकडे लक्ष गेलं. तिथं माती लागली होती.

मी रुमालाच्या टोकानं पुसायला गेले. तिनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली.